संशयित प्रदूषित जागेवर माती आणि भूजलाचे नमुने : मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बंद गिरणी, केमिकलचा जुना कारखाना, पेट्रोल पंप, बस डेपो, भंगाराची वखार. मुंबईत नवी इमारत बऱ्याचदा अशाच एखाद्या जागेवर उभी राहते. त्या जमिनीत काय मुरले आहे, हे नमुन्यांशिवाय कळत नाही. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांचे सदस्य आणि साइटवर नव्याने उतरलेले इंजिनियर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत.

माती तर साधीच दिसते. मग जागा संशयित कशावरून?

तिच्या इतिहासावरून. बोअर मारण्याआधीचे चार दिवस कागदपत्रे आणि माणसे यांना द्या. मालमत्ता पत्रक, कारखान्याचे जुने परवाने, जुने नकाशे, उपग्रहाची मागच्या वर्षांची चित्रे हे सगळे बघाच. मुंबईत रस्त्यांची नावेसुद्धा बोलतात. लालबागची गॅस कंपनी लेन हे नाव शहराला कोळशापासून गॅस पुरवणाऱ्या कारखान्यामुळे पडले. असा गॅस करताना डांबर मागे उरते आणि जमिनीत ते दशकानुदशके टिकते. रे रोडचा दारुखाना म्हणजे जहाजे तोडण्याची जागा : तेल, रंग, ॲस्बेस्टॉस. माहूल-चेंबूर-ट्रॉम्बेचा तेल आणि रसायनांचा पट्टा, धारावीतले चामड्याचे धंदे, मिठीच्या काठाला ड्रम धुण्याची कामे, १९२७ पासून कचरा घेत असलेले देवनार, या प्रत्येक जागेचे विष वेगळे आणि म्हणून शोधायची यादीही वेगळी.

कागदांपेक्षा जास्त माहिती मला कायम जुन्या कामगारांकडून मिळाली. एका बंद कारखान्यात बॉयलरवर काम केलेले एक आजोबा नातवाचा हात धरून आले, खाली बसले आणि काडीने मातीवरच नकाशा काढला. इथे फर्नेस ऑइलची टाकी, इथे राखेचा ढीग, आणि या कोपऱ्यात 'नको असलेले' ओतायचो. आमच्या हातातल्या मंजूर आराखड्यात तो कोपरा 'बगीचा' होता. तिथल्या बोअरमध्ये दीड मीटरवर काळी, चिकट, डांबराच्या वासाची माती लागली.

म्हणून चार प्रश्न नेमाने विचारा. टाक्या कुठे होत्या? ड्रम कुठे धुवायचे? गाळ कुठे टाकायचे? आणि भरणी कुठून आणली? हा चौथा प्रश्न सगळे विसरतात. सात बेटांची मुंबई भरणी टाकून एक झाली आहे. भरणीत मुरूम असतो, डबर असते, राख असते, कधी दुसऱ्या कारखान्याचा कचराही असतो.

पायासाठी माती परीक्षण झाले आहे. तेच का चालत नाही?

कारण ते जमीन किती वजन पेलेल हे सांगते. जमिनीत काय मिसळले आहे, हे त्यातून कळत नाही. पायाच्या तपासणीत बोअर पाणी सोडून मारतात. त्या पाण्याने माती धुतली जाते आणि बाष्पनशील, म्हणजे हवेत चटकन उडणारी, द्रव्ये निघून जातात. नमुने प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून आठवडाभर शेडमध्ये पडून राहतात. थरांची माहिती देणारा बोअर लॉग मात्र जरूर मागून घ्या, तो आयता मिळतो. दोन्ही कामे एकाच रिगवर (बोअर मारण्याच्या यंत्रावर) करायची असतील तर ठेकेदाराला आधीच लेखी सांगा : पर्यावरणाच्या बोअरमध्ये पाणी नाही, डिझेल नाही, रॉडच्या आट्यांना ग्रीस नाही.

किती ठिकाणी बोअर घ्यायचे?

याला एकच आकडा नाही, पण एक हिशेब डोळे उघडणारा आहे. जागेवर २० मीटरची चौकड आखून प्रत्येक छेदावर नमुना घेतला, तर सुमारे साडेतेवीस मीटर व्यासाचा गोल डाग हुकणार नाही अशी ९५ टक्के खात्री मिळते. पेट्रोलची जमिनीतली टाकी असते दोन-अडीच मीटर रुंद. ती अशा जाळीतून आरामात निसटते. तेव्हा आधी इतिहासाने दाखवलेल्या जागा घ्या : टाकी, तिचे भरण्याचे तोंड, पाइपचे सांधे, नाला, ट्रान्सफॉर्मरचा ओटा. उरलेल्या जागेवर चौकड टाका. शिवाय जागेच्या बाहेर, भूजलाच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडून वाहत येते तिकडे, निदान एक बोअर हवाच. ते नसेल तर शेजाऱ्याची घाण तुमच्या नावावर जमा होते.

बजेट तोकडे असेल तर बोअर कमी करण्याआधी चाचण्यांची यादी तपासा. प्रत्येक नमुन्यावर सरसकट सगळ्या चाचण्या करून पैसे जातात आणि जमीन मात्र कमी पाहिली जाते.

किती खोल जायचे?

खोली थर बघून ठरते. मुंबईच्या किनारपट्टीत साधारण क्रम असा : वर भरणी, खाली खाडीची काळी-निळसर चिकणमाती, मग पिवळा मुरूम, मग कातळ. प्रत्येक थराचा वेगळा नमुना घ्या आणि शिवाय थर बदलतो तिथला घ्या, कारण खाली उतरणारे तेल चिकणमातीच्या माथ्यावर अडून आडवे पसरते. वरच्या १५ सेंटिमीटरचा नमुना कधीही सोडू नका. मुले खेळतात ती माती तीच, उडणारी धूळही तीच.

चिकणमातीला भोक पाडताना मात्र सांभाळून. ती निसर्गाने घातलेली अस्तरी आहे. वर घाण आणि खाली स्वच्छ पाणी असेल, तर तुमचे बोअरच दोघांमधली वाट होऊन बसते. तिच्या आरपार जाणे भाग असेल तर आधी केसिंग (बाहेरचा पाइप) चिकणमातीत रुतवून सीमेंटने बंद करा आणि त्यातून लहान व्यासाचे बोअर पुढे न्या.

मातीचा नमुना प्रत्यक्षात कसा घेतात?

उथळ थरासाठी हाताचा ऑगर, खोलीसाठी रिगवरची उभी दुभंगणारी नमुना-नळी किंवा आत अस्तर असलेली नळी. मुंबईच्या डबराच्या भरणीत ऑगर विटेवर अडतो. तिथे जेसीबीने चाचणी खड्डा घ्या आणि बादलीच्या मधल्या भागातून माती उचला. बादलीच्या लोखंडाला लागलेली माती नको.

नळी उघडली की पहिली मिनिटे महत्त्वाची. आधी बाष्पनशील द्रव्यांचा नमुना, बाकी सगळे नंतर. बेंझिन, टोल्यूइन यांसारखी द्रव्ये तुम्ही फोटो काढत असतानाच उडत असतात, मे महिन्याच्या दुपारी तर विचारूच नका. छोट्या सिरिंजसारख्या कोररने गाभ्यातली साधारण ५ ग्रॅम माती काढायची आणि लगेच मिथेनॉल असलेल्या कुपीत सोडून झाकण घट्ट करायचे. माती कुस्करायची नाही, चाळायची नाही. मग धातू आणि जड तेलांसाठी काचेच्या रुंद तोंडाच्या बरण्या काठोकाठ भरायच्या. उरलेली माती बंद पिशवीत ठेवून, थोड्या वेळाने आत वायुमापकाचे टोक घालून वाचन घ्यायचे. त्या वाचनावरून प्रयोगशाळेत कोणता नमुना पाठवायचा हे ठरवता येते.

वास नाकाने घेऊन बघू नका. ही सवय जुन्या मंडळींना आहे, मलाही होती. नोंदवहीत 'वास आला' एवढे पुरे. बरणीला नाक लावायची गरज नाही.

दर नमुन्याला हातमोजे बदला. अवजारे फॉस्फेट नसलेल्या साबणाने घासा, नळाच्या पाण्याने धुवा, मग डिस्टिल्ड पाण्याने. आणि काम नेहमी स्वच्छ बोअरकडून घाणीच्या बोअरकडे न्या.

सगळ्या बोअरची माती एकत्र करून एकच नमुना दिला तर?

खर्च वाचेल आणि डाग लपेल. चार स्वच्छ जागांत एक वाईट जागा मिसळली की वाईटाचा आकडा पाचपट खाली येतो. बाष्पनशील द्रव्यांसाठी तर हे साफ चूक, कारण मिसळतानाच ती उडतात.

सोसायटीत जुनी रिंगवेल आहे. तिचेच पाणी तपासले तर चालणार नाही का?

तपासाच. लोक ते पाणी वापरत असतील, टँकर भरत असतील, तर ते काय वापरतात हे कळायलाच हवे. पण जागेचा निकाल त्यावरून देऊ नका. उघड्या विहिरीत वेगवेगळ्या थरांचे पाणी एकत्र होते, पावसाचे पाणी पडते, बाष्पनशील द्रव्ये वरून उडून जातात. बोअरवेलचा पंप कातळातल्या खोल भेगांचे पाणी ओढतो आणि वरच्या मुरमात पसरलेले तेल त्याला दिसतही नाही.

मुंबईच्या जमिनीखाली पिण्याजोगे पाणी कुठून, असे विचारणाऱ्यांनी चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर बघून यावी. १७२५ सालची, समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि पाणी गोडे. भूजल या शहरात खरे आहे आणि वापरातही आहे.

निरीक्षण विहीर कशी बांधतात?

साइटवर सगळे तिला मॉनिटरिंग वेलच म्हणतात. सुमारे १५० मिलिमीटरचे बोअर, त्यात ५० मिलिमीटरचा आट्यांचा पीव्हीसी पाइप, खालच्या भागात बारीक चिरा. चिरांभोवती धुतलेली जाड वाळू, तिच्यावर बेंटोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीचा थर, वर सीमेंटचा गारा. पाइप डिंकासारख्या सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवायचा नाही. त्यातलीच द्रव्ये पुढे अहवालात उमटतात आणि मग जमिनीला दोष लागतो.

चिरांचा भाग पाण्याच्या पातळीच्या वर आणि खाली, दोन्हीकडे यायला हवा, कारण पेट्रोल-डिझेल पाण्यावर तरंगते. मुंबईत पावसाळ्यात वर येणारे आणि उन्हाळ्यात खाली जाणारे पाणी या दोन्ही पातळ्या धरून लांबी ठरवा. जड क्लोरिनयुक्त सॉल्व्हंट उलट बुडतात, त्यांच्यासाठी थराच्या तळाशी चिरा असलेली दुसरी विहीर लागते.

बांधून झाल्यावर गढूळ पाणी उपसून विहीर साफ करा आणि नमुन्यासाठी निदान आठवडाभर थांबा. तोंडाला कुलूपबंद, घट्ट झाकण बसवा. या शहरात विहिरी हा मलेरियाच्या डासांचा जुना विषय आहे आणि महापालिकेचा कीटकनाशक विभाग त्यात लक्ष घालतो. परवानगीचे त्यांच्याकडेही विचारून ठेवा.

नमुन्याआधी किती पाणी उपसायचे?

पाइपमध्ये साचून राहिलेले पाणी जमिनीतले नव्हे, म्हणून ते काढतात. जुनी रीत म्हणजे विहिरीतल्या पाण्याच्या तिप्पट उपसा. ५० मिलिमीटरच्या पाइपात एका मीटरला जवळपास २ लिटर पाणी असते, त्यावरून हिशेब करा. मी हळू उपशाची रीत पसंत करतो : मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर, पातळी १० सेंटिमीटरपेक्षा जास्त खाली जाऊ न देता. तीन ते पाच मिनिटांनी वाचने घ्या. लागोपाठ तीन वाचनांत पीएच ०.१ च्या आत, विद्युतवाहकता ३ टक्क्यांच्या आत आणि विरघळलेला ऑक्सिजन १० टक्क्यांच्या आत स्थिर झाला की बाटली भरा. मुरमातल्या काही विहिरी उपसताना कोरड्याच पडतात. अशी विहीर पुन्हा भरू द्या आणि २४ तासांच्या आत नमुना घ्या.

सगळ्यात आधी, काहीही न उपसता, पातळी मोजा आणि तेलाचा तवंग आहे का ते बघा. पारदर्शक बेलर (पाणी काढायची नळी) हळूच पाण्यात अर्धा बुडवून वर काढा आणि उजेडाकडे धरा. एकदा वर चहाच्या रंगाचा चार बोटांचा थर होता आणि खाली आरशासारखे पाणी. साइटवरचा मुलगा पटकन म्हणाला, "साहेब, हे तर डिझेल." अशा विहिरीतून विरघळलेल्या द्रव्यांचा नमुना घेऊन काही साधत नाही. तिथे थराची जाडी आणि तेल कोणते हे महत्त्वाचे.

समुद्राच्या भरती-ओहोटीचा संबंध येतो का?

शिवडी, माहूल, वडाळा, खाडीकाठचा कुर्ला इथे येतो. भरतीला काठाजवळच्या विहिरींची पातळी वर येते, ओहोटीला उतरते, आणि प्रवाहाची दिशा दिवसातून फिरू शकते. पातळी मोजायला किमान तीन विहिरी लागतात. त्या एकाच वेळी, पाइपच्या तोंडावर खुणेने ठरवलेल्या बिंदूपासून मोजा आणि ते बिंदू एकाच पातळीच्या संदर्भात आणा. एक विहीर सकाळी आणि दुसरी जेवणानंतर मोजून काढलेला बाण चुकीच्या शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. नोंदवहीत वेळेसोबत भरतीची वेळही लिहा. खारे पाणी प्रयोगशाळेच्या यंत्रांनाही त्रास देते, तेव्हा विद्युतवाहकता आधीच कळवा.

नमुने पावसाळ्याआधी की नंतर?

दोन्ही वेळा. मेच्या अखेरीस पाणी सर्वांत खाली असते आणि तरंगणारे तेल विहिरीत जाड दिसते. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, वर आलेले पाणी वरच्या मातीतले अडकलेले द्रव्य धुऊन आणते. एकाच फेरीवर 'जागा स्वच्छ' असा शेरा मारू नये, निदान माझा हात धजत नाही. ऐन जुलैत घेतलेला वरच्या मातीचा नमुना तर रस्त्यावरून वाहत आलेल्या पाण्याचाच असतो.

कोणती बाटली कशासाठी?

बाष्पनशील द्रव्यांना ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या, हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेल्या, काठोकाठ. झाकण लावून उलटी करा आणि बोटाने टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर नवी कुपी घ्या. तपासणीची मुदत १४ दिवस. कीटकनाशकांसारख्या द्रव्यांना तपकिरी काचेची लिटरची बाटली, अर्क ७ दिवसांत काढायला हवा. धातूंना प्लास्टिकची बाटली आणि नायट्रिक आम्ल, मुदत ६ महिने, पाऱ्याला मात्र २८ दिवस. हेक्झाव्हॅलंट क्रोमियमला (क्रोमियमचे विषारी रूप) आम्ल नको आणि मुदत २४ तास, म्हणून त्याचा नमुना घेण्याआधी प्रयोगशाळेला फोन करा.

विरघळलेल्या धातूंसाठी पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून विहिरीवरच गाळा, आणि आम्ल त्यानंतर. क्रम उलटला तर आम्ल गाळातल्या मातीतले धातू सोडवते आणि आकडे भलतेच येतात. विहिरीवरच गाळून लगेच आम्ल घातले नाही तर आणखी एक गोष्ट होते : बाटलीत भरताना स्वच्छ असलेले पाणी अर्ध्या तासात विटकरी होते. विरघळलेले लोह हवेने गंजून खाली बसते आणि आर्सेनिकलाही सोबत ओढते.

सगळे बर्फात, ४ अंशांच्या आसपास. बर्फ पिशव्यांत बांधा, नाहीतर वितळलेल्या पाण्यात लेबले सुटतात. टेम्पो दोन तास ट्रॅफिकमध्ये अडकणार हे धरूनच बर्फ भरा.

कोऱ्या आणि जोड नमुन्यांचे पैसे कशाला द्यायचे?

कोरा नमुना म्हणजे तपासायला मुद्दाम पाठवलेले स्वच्छ पाणी, जोड म्हणजे त्याच जागेचा दुसरा नमुना. एका कामात आमच्या सगळ्या बोअरमध्ये, वरच्या अंगाच्या स्वच्छ बोअरमध्येसुद्धा, जवळजवळ सारखेच तेल आले. मालक हादरला. मी अवजार धुतलेल्या पाण्याचा कोरा नमुना पाठवला होता, त्यातही तेल. रिगवर जाऊन रॉडच्या आट्यांवरून कापूस फिरवला तर काळे ग्रीस निघाले. लेखी मनाई असूनही सवयीने लावलेले. चार दिवसांचे काम पुन्हा केले. कोरा नमुना नसता तर एका स्वच्छ जमिनीवर कायमचा डाग लागला असता.

म्हणून बाष्पनशील कुप्यांच्या प्रत्येक खोक्यात प्रवासाची एक कोरी कुपी, रोज एक अवजार धुतल्याचा नमुना आणि साधारण दहा नमुन्यांमागे एक जोड. जोड नमुन्याला वेगळा क्रमांक द्या, प्रयोगशाळेला कळू देऊ नका.

अहवालात क्रोमियम, तांबे, निकेल जास्त आले. घाबरायचे का?

आधी मुंबईचा दगड आठवा. आपण दख्खनच्या बेसॉल्टवर बसलो आहोत. त्या काळ्या दगडात तांबे दर किलोला शंभर-दोनशे मिलिग्रॅम असणे नवल नाही. क्रोमियम, निकेल, व्हॅनेडियमही नैसर्गिकच असतात. परदेशी तक्त्याशी थेट ताडून पाहिले तर स्वच्छ मुरूमही दोषी ठरेल. त्यासाठीच जवळच्या, कारखाना न झालेल्या जागेचा त्याच थराचा पार्श्वभूमी नमुना हवा. शिसे, पारा किंवा हेक्झाव्हॅलंट क्रोमियम वाढले असेल तर मात्र दगडावर ढकलू नका.

'आढळले नाही' म्हणजे नाहीच ना?

म्हणजे त्या यंत्राच्या मर्यादेखाली आहे. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. प्रयोगशाळेची शोधमर्यादा ०.०५ असेल तर 'आढळले नाही' या शेऱ्याला काहीच अर्थ नाही. काम देण्याआधी शोधमर्यादा लेखी घ्या, आणि एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या मंडळाची मान्यता नेमक्या त्या चाचणीसाठी आहे का हेही बघा. भिंतीवरचे प्रमाणपत्र सगळ्या चाचण्यांना लागू नसते.

आम्ही घेतलेला नमुना कोर्टात चालेल का?

१९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ मध्ये सांडपाण्याच्या नमुन्याची रीत ठरवून दिली आहे : प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी, तिथल्या तिथे लेखी सूचना, समोरासमोर दोन भाग, सील, दोघांच्या सह्या. तुमचा नमुना त्या रीतीतला नाही. पण तक्रारीला वजन यायला तो पुरेसा असतो, जर प्रत्येक बाटली कोणाच्या हातातून कोणाकडे, किती वाजता गेली याचा कागद अखंड असेल. २०२५ मध्ये केंद्राने प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे वेगळे नियम काढले. त्यांत संशयित जागांची नोंद जिल्हा प्रशासनाने करायची आणि प्राथमिक तपासणी ९० दिवसांत व्हायची अशी रचना आहे. तुमचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालय आणि सायनच्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्या, इतिहासाचे कागद आणि जागेचा नकाशा जोडून.

मजुरांची काय काळजी घ्यायची?

छातीएवढ्या खड्ड्यात कोणालाही उतरवू नका, नमुना बादलीतूनच घ्या. जुन्या कचराभूमीवर मिथेन असतो, तिथे विडी-सिगारेट बंद. गॅस, वीज, पाण्याच्या लाइनी दाखवणारे नकाशे मिळाले तरी पहिले सव्वा मीटर हातानेच खणा, कारण मुंबईत नकाशा आणि जमीन यांचे फारसे जमत नाही. हातमोजे आणि बूट फक्त इंजिनियरला आणि मजूर अनवाणी, हे दृश्य मी अजून बघतो. त्याच्या पायाला तेच तेल लागते. बूट आधी त्याला द्या, जेवणाआधी हात धुवायला साबण-पाणी ठेवा, आणि काय शोधतो आहोत ते त्याच्या भाषेत सांगा.

उरलेली माती आणि उपसलेले पाणी कुठे टाकायचे?

गटारात नाही. पावसाळी गटार थेट खाडीत जाते. झाकणाच्या ड्रममध्ये भरा, बोअरचा क्रमांक आणि तारीख ऑइल पेंटने लिहा, ड्रम ताडपत्रीखाली पक्क्या लादीवर ठेवा. अहवाल आला की त्यानुसार विल्हेवाट लावा. घातक निघाले तर तळोज्यासारख्या अधिकृत घातक कचरा केंद्राकडे, पावतीसह.